वाकळ वाचवायची तर सशाला माती द्या

चिंगी ही आमची पाळलेली सशीण. तिनं आत्तींच्या वाकळेचा कोपरा फाडला तेव्हा ती आठ महिन्यांची होती. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, माहेर येळ्ळूरचं. जुन्या इरकली लुगड्यांची, हातानं धावदोरा घातलेली वाकळ ती. आत्ती रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "आमच्या शिवारातले ससे कधी उकरत नाहीत बघ. बांधाच्या गवतात दबून बसतात. हिला कसलं खूळ लागलंय?"

त्यांचं बरोबर होतं. शिवारातला रानससा बीळ करत नाही, गवतातल्या खळग्यात बसतो. (त्याला धरून घरात पाळणं कायद्यानं गुन्हा आहे, तेवढं लक्षात ठेवा.) आपण घरात आणतो तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. जमिनीखाली बोगदे करून कळपानं राहणारी ती जात. त्यातून मादी जास्त उकरते, कारण पिलांचं बीळ तीच करते. म्हणून आमच्या वडगावात कुणी मला विचारलं की "उकरणं बंद कसं करायचं?", तर मी आधीच सांगते, बंद होणार नाही. सतरंजीवरून उचलून दुसरीकडं नेता येतं.

त्यासाठी आठवडाभर नुसतं बघा. कधी उकरतो, कुठं उकरतो, लिहून ठेवा. चिंगी पहाटे आणि दिवेलागणीला उकरायची, कारण सशांची जागी असायची वेळ तीच. दुपारी कॉटखाली पसरलेली असायची. बंद दाराशी उकरत असेल तर त्याला आत यायचं असतं. तुमच्या मांडीवर, उशीवर पंजे मारत असेल तर तुम्ही लक्ष द्यावं असं वाटतंय. दिवसभर पिंजऱ्याची जाळी खरवडत असेल तर त्याला पळायला जागा कमी पडते. रोज तीन-चार तास तरी मोकळं सोडा, निम्मं उकरणं तिथंच कमी होतं.

मी एकदा फरशीला गाल टेकवून चिंगीला बघितलं. पुढचे दोन्ही पंजे एकामागून एक इतके भरभर चालतात की वेगळे दिसत नाहीत. मग थांबते, नाक हलवते, कापड दातात धरून मागं ओढते. आणि शेवटी दोन्ही पंजे जोडून ते पुढं सारते, हातानं थापून सपाट करावं तसं. तिच्या मनात ती मातीच होती. तेव्हा मला कळलं की तिला खरी माती दिली पाहिजे.

किराणा दुकानातून मोठा पुठ्ठ्याचा खोका आणा. ससा आत बसून पूर्ण वळला पाहिजे, एवढा. एका बाजूला आत जायला खालपर्यंत कापा, बाकीच्या तीन बाजू उंच ठेवा, नाहीतर माती घरभर होते. तळाला जुनी रबरी चटई. आत वीतभर माती. मी खानापूरकडची लाल माती आणली. खत, औषध मारलेल्या शेताची किंवा कुंडीतली माती घालू नका, ससा पंजे चाटतो. आपल्याकडं पावसाळ्यात माती वाळत नाही, बुरशी धरते. जून ते सप्टेंबर मी वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि वाळलेली हरळी घालते. चकचकीत रंगीत कागद नको.

खोका ठेवायचा तो ती जिथं उकरते त्याच कोपऱ्यात. आपल्या सोयीच्या जागी ठेवलात तर ससा ढुंकूनही बघणार नाही. मातीत कोथिंबिरीच्या दोन-तीन काड्या पुरून ठेवा. सतरंजीवर सुरू झाला की काडी नाकाशी धरून खोक्यापर्यंत न्या. ओरडू नका, पाणी मारू नका. त्यानं तो फक्त तुम्हाला भितो, उकरायचं मात्र सोडत नाही. चिंगीला तीन आठवडे लागले.

जुना खड्डा पाडलेला कोपरा शहाबादी फरशीच्या तुकड्यानं झाका. सतरंजीची कड कपाटाच्या पायाखाली दाबा. सगळी सतरंजी काढून टाकू नका, गुळगुळीत फरशीवर सशाचे पाय घसरतात. सोफ्याच्या खालचं कापड फाडून आत शिरतात, तिथं फळी ठोका. वायरींवर पाण्याची नळी उभी चिरून चढवा. नखं महिना-दीड महिन्यानं कापा; आतली गुलाबी शीर टाळायची, काळ्या नखाला मागून बॅटरी धरली की ती दिसते. कापडाचे दोरे ससा गिळतोय का, याच्यावर सगळ्यात जास्त नजर ठेवा. त्याला उलटी होत नाही, दोरे पोटात अडकतात. बारा तास खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता महत्त्वाचं. विकणाऱ्यानं चिंगीला नर म्हणून दिलं होतं. एका सकाळी ती तोंडात गवताचा भारा धरून कॉटखाली पळाली, आणि गळ्याखालचे केस उपटून त्यावर पसरू लागली. घरात नर नव्हताच. मादीला असं खोटं गाभणपण येतं, साधारण सोळा-अठरा दिवस राहतं, आणि त्या दिवसांत ती वेड्यासारखी उकरते. घरटं मोडू नका, गवत द्या, तिला एकटं सोडा. पुन्हा पुन्हा होत असेल तर गर्भाशय आणि अंडाशय काढायचं ऑपरेशन करून घ्या. वयात आलेल्या माद्यांना गर्भाशयाचा कॅन्सर बराच होतो, म्हणून मी उकरण्यासाठी नसतं तरी ते केलंच असतं. मात्र सशांची ऑपरेशनं करणारा डॉक्टरच शोधा. एका ठिकाणी मला "आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा" म्हणून सांगितलं. कुत्र्यामांजराला ते ठीक, सशाला नाही. त्याचं पोट सतत चालतं राहावं लागतं. मी तिथून चिंगीला टोपलीत घालून परत आणलं आणि दुसरीकडं गेले.

ऑपरेशननंतर उकरणं एकदम थांबलं नाही, हळूहळू ओसरलं. सहा वाजता ती अजून खोक्यात उतरते. आत्तींनी वाकळेला नवा तुकडा लावलाय, आणि पावसाळ्यात वर्तमानपत्राच्या पट्ट्या आता त्याच फाडतात.