ट्रॉम्बेला जेल नेऊ नकोस, पावडर ने

ट्रॉम्बेच्या ध्रुव रिॲक्टरवर सॅन्सचा, म्हणजे न्यूट्रॉन लहान कोनात विखरून रचना मोजायचा, स्लॉट मिळालाय ना, मग आधी जेल बनवायची एकच रीत ठरव आणि शेवटपर्यंत तीच ठेव, कारण एफमॉक-डायफिनाइलॲलनिन, म्हणजे आपलं जेल बनवणारं छोटं पेप्टाइड, तेच, टक्का तोच, पण डीएमएसओ या सॉल्व्हंटमधून पाण्यात सोडलं तर एक जाळं होतं आणि पीएच हळूहळू उतरवला तर दुसरंच. मी सीडी (रेणूंची रचना दाखवणारी प्रकाशाची चाचणी) एका रीतीच्या जेलवर केली, रिओलॉजी (जेल किती घट्ट ते मोजणं) दुसऱ्या, आणि सहा महिने आकडे का जुळत नाहीत म्हणून डोकं धरून बसले.

डीएमएसओ सोपं वाटतं पण ते 218 नॅनोमीटरला स्वतःच इतकं शोषतं की सीडीत नुसता गोंधळ दिसतो, म्हणून पीएच उतरवायला जीडीएल (ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन) घे, पाण्यात त्याचं ॲसिड हळूहळू होतं आणि जेल सगळीकडे सारखं बसतं. जीडीएलचं द्रावण मात्र ऐनवेळीच करायचं. पाणी जड (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियमचं) हवं, साध्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या बॅकग्राउंडमध्ये सिग्नल बुडतो, शिवाय जड पाणी घेतलं की एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड चाचणीत) 1640 ला साध्या पाण्याचा पीकही आड येत नाही. मग पेप्टाइड विरघळवायचा सोडाही एनएओडीच (ड्युटेरियमचा कॉस्टिक सोडा), आणि जड पाण्यात पीएच मीटरवरच्या आकड्यात 0.4 मिळवायला विसरू नकोस.

पेप्टाइड बाटल्यांत वजन करून ने, बनवलेलं जेल नको, गाडीत हिंदकळून मोडलं की मग आपण नेमकं काय मोजतोय तेच कळत नाही. क्वार्ट्झ सेल पातळ असतानाच भर. भरताना कोपऱ्यात मोहरीएवढा बुडबुडा अडकतोच, लगेच टिचकी मारून वर आण, एकदा बसलं की तो तिथेच. झाकणावर पॅराफिल्म गुंडाळ, मुंबईची दमट हवा जड पाण्यात साधं पाणी मिसळते. रिकामा सेल आणि नुसतं सॉल्व्हंट भरलेला सेल मोजायची वेळही स्लॉटमध्येच धर, लोक हेच विसरतात.

एफटीआयआरमध्ये 1690 ला पीक दिसला की लगेच अँटीपॅरलल शीट (उलटसुलट दिशेने शेजारी लागलेल्या पेप्टाइडच्या साखळ्या) म्हणून उड्या मारू नकोस, तिथे एफमॉक गटाच्या कार्बामेट जोडणीतल्या कार्बोनिलचा पीकही येतो. टीईएमचं (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं) ग्रिड वाळतं तेव्हा जेलचे धागे एकमेकांना चिकटतात, त्यामुळे जाडी तिथून घेऊ नकोस, सॅन्समधून घे.

आणि पेशींचं काम करणारे या जेलवर डीएमईएम (पेशी वाढवायचं द्रव) ओतणार, त्यातले क्षार आणि पीएच दोन्ही वेगळे, म्हणून जड पाण्यात केलेल्या डीएमईएममध्ये रात्रभर ठेवलेला एक सेलही मोज, पेशी शेवटी त्यावरच बसणारेत.