व्यक्तिमत्त्व विकाराच्या रुग्णासोबत सरकारी दवाखान्यात जाताना

ससून रुग्णालयाच्या मनोविकार विभागात किंवा येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून आत गेल्यावर डॉक्टरांपुढे मिळणारा वेळ थोडा असतो, आणि नातेवाईक तो बहुधा कालच्या भांडणाचे वर्णन करण्यात घालवतात. व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान मात्र एका भांडणावरून होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणानुसार स्वतःबद्दलची धारणा आणि नाती सांभाळणे यांतली अडचण साधारण २ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ टिकलेली असावी लागते, आणि मग ती सौम्य, मध्यम की तीव्र हे ठरते.

म्हणून जाण्याआधी घरी पानभर टिपण तयार करावे, आणि ते रुग्णाला सोबत घेऊनच लिहावे. त्याच्या अपरोक्ष लिहिलेला कागद डॉक्टरांसमोर निघाला, तर उरलासुरला विश्वासही जातो. त्रास कोणत्या वयात सुरू झाला, नोकऱ्या आणि मैत्री किती टिकल्या व कशावरून तुटल्या, स्वतःला इजा केली असल्यास केव्हा, दारू किती, आणि बरे दिवस कसे असतात, हे त्यात यावे. ‘हट्टी’, ‘नाटकी’ ही विशेषणे वगळावीत. ‘साहेब सर्वांसमोर बोलले म्हणून त्याच दुपारी नोकरी सोडली, रात्री पश्चात्तापाने रडला’ एवढ्या एका वाक्यातून डॉक्टरांना अधिक कळते. लहानपणच्या मारहाणीविषयी रुग्णाला एकट्याने बोलायचे असेल, तर आपण होऊन बाहेर बसावे.

गोळ्यांचा आग्रह धरू नये. सोबतचे नैराश्य किंवा निद्रानाश यांवर औषधे उपयोगी पडतात. मूळ विकारावरचा मुख्य उपचार मात्र महिनोन्‌महिने चालणारी मानसोपचाराची सत्रे हाच आहे. त्यामुळे मानसशास्त्रज्ञ कोणत्या वारी बसतात, हे पहिल्याच दिवशी विचारून पुढची तारीख केसपेपरवर लिहून घ्यावी. शिकाऊ डॉक्टर बदलत राहतात आणि दर वेळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते, म्हणून सर्व कागदांच्या प्रती एका फाइलमध्ये ठेवाव्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आपल्या उपचारांच्या मूलभूत नोंदी मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे.

‘काही महिने भरती ठेवा, सरळ होईल’ ही अपेक्षा मनातून काढावी. निर्णयक्षम प्रौढ रुग्ण स्वेच्छेने दाखल होतो आणि घरी जाण्याची मागणीही करू शकतो.

मरण्याची भाषा सुरू झाली, तर ती धमकी समजून वाद घालू नये. १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते. इजा झाली असल्यास किंवा विष घेतले असल्यास मात्र आधी १०८ लावावा.