सिकू घरी बनवा, पण जोडीदार शोधून ठेवा

राजेहो, सिकू म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या टिटिकाका सरोवराकाठच्या आयमारा लोकांचं फुंकून वाजवायचं नळ्यांचं वाद्य, तिथल्या अँडीज पर्वतात असल्या नळ्या इंकांच्याही आधीपासून वाजतात. नागपूरच्या इतवारी बाजारातून अर्धा इंची पीव्हीसी पाईप आणा, कापा, खालचं तोंड बुचानं बंद करा, आतली लांबी १९ सेंटिमीटरच्या आसपास ठेवली की ४४० हर्ट्झजवळचा सूर लागते, उतरलेला वाटला तर तांदळाचे चार दाणे आत टाका, चढते. काठाला पॉलिश पेपर मारा, नाहीतर ओठ सोलते.

आता खरी गंमत. सिकूचे दोन भाग, इरा अन् आर्का, सूर दोघांत वाटलेले असतात, इरात ६ नळ्या, आर्कात ७, एक सूर तुमचा अन् पुढचा जोडीदाराचा. एकट्याकडून पूर्ण चाल निघतच नाही, मला तर हेच जबरदस्त वाटते. आधी फुटाळा तलावावर बसून दोघं टाळ्यांवर पक्के व्हा, मग फुंका.