कौशल्य प्रशिक्षण संस्थेतलं पहिलं वर्ष : सर्टिफिकेट आणि पहिला पगार यांच्या मधले दिवस

व्यवसाय प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेत नोकरी लागली हे कळल्यावर नातेवाईक दोनच प्रश्न विचारतात : "म्हणजे तू शिकवतेस का?" आणि "पगार देतात का गं?" पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो. शिकवायला ट्रेनर असतात. माझं पद प्लेसमेंट कोऑर्डिनेटरचं, म्हणजे शिकलेल्या मुलांना नोकरीला लावून देण्याचं. सेंटर गोवंडी-मानखुर्द पट्ट्यात आणि कोर्स तीन : रिटेल, रुग्णालयातला जनरल ड्यूटी असिस्टंट आणि एसी-फ्रिज दुरुस्ती. या क्षेत्रात येऊ बघणारे ज्युनिअर हल्ली फोन करून बरंच काही विचारतात, म्हणून वर्षभरात जे कळलं ते लिहून ठेवते आहे.

आधी पात्रतेचा विषय संपवते. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, असेल तर दार लवकर उघडतं, आणि ती घ्यायला मुंबईत देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था (टिस), चर्चगेटजवळ निर्मला निकेतन अशी जुनी ठिकाणं आहेत. पण माझ्या बरोबरीचे निम्मे लोक बीकॉम, बीए असेच आहेत. एक्सेल नीट यायला हवं, अनोळखी माणसाशी बोलताना अवघडलेपण नको आणि हिंदी चांगली हवी. शिवाजी नगर, बैंगनवाडीत दिवसभर हिंदीच चालते. मराठी कानावर पडते ती लल्लूभाई कंपाउंडमध्ये, आणि सेंटरच्या चहाच्या वेळेला.

मुलाखतीत एक प्रश्न तुम्ही उलट विचाराच : या प्रकल्पाला पैसा कुठून येतो? तुमचा दिवस कसा जाणार, हे त्यावरच ठरतं. सरकारी योजनेची बॅच असेल, म्हणजे 2015 साली सुरू झालेली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना किंवा तसं काही, तर बायोमेट्रिक हजेरी, पोर्टल आणि परीक्षा घ्यायला बाहेरून येणारा असेसर यांच्याभोवती सगळं फिरतं. पैसा सीएसआरचा असेल तर गोष्ट वेगळी. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत रोजगारक्षम कौशल्यं आहेत. इथे हजेरीपेक्षा फोटो, तिमाही अहवाल आणि 'यशोगाथा' यांची मागणी जास्त. फेब्रुवारी-मार्चमध्ये लग्नाची आमंत्रणं स्वीकारू नका. आर्थिक वर्षअखेरीच्या आत पैसे खर्ची पडायला हवे असतात आणि मग सगळेच धावत सुटतात. यशोगाथेबद्दल माझं मत तिखट आहे. आईची धुणीभांडी, वडिलांची दारू हे मुलीकडून वदवून घेऊन कागदावर उतरवायचं, हे मला जमत नाही. ती कुठे काम करते आणि काय शिकली एवढंच मी लिहिते. आजवर कोणी परत पाठवलेलं नाही.

मुलं गोळा करणं, म्हणजे आमच्या भाषेत मोबिलायझेशन, पत्रकं वाटून होत नाही. अंगणवाडीताई, आशाताई, बचत गटाच्या बायका आणि आधीच्या बॅचमध्ये शिकलेली एखादी मुलगी यांच्या शब्दाला वजन असतं. वेळही साधावी लागते. सकाळी पाणी येण्याच्या वेळेला कुणाच्या दारात उभं राहू नये. दहावी-बारावीच्या निकालानंतरचे काही आठवडे चांगले. रमजान, गणपती आणि गावी जाण्याचा मे महिना सोडून द्यावा. प्रवेशाच्या दिवशी खरी डोकेदुखी आधारची. मार्कशीटवर नाव एक, आधारवर दुसरं, आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर दोन वर्षांपूर्वी बंद पडलेला. हे प्रवेशाच्या वेळीच दुरुस्त करून घ्या, नाहीतर जॉइनिंगच्या आदल्या दिवशी पीएफच्या फॉर्मवर अडकतं.

हे सगळं काही महिन्यांत अंगवळणी पडतं. मला उशिरा कळलं ते पुढचं.

कोर्स संपतो, सर्टिफिकेट मिळतं, ऑफर लेटर येतं, ग्रुपवर अभिनंदनाचे संदेश पडतात आणि तीन आठवड्यांनी मुलगी कामावर जाईनाशी होते. आमच्या मासिक बैठकीत याला एक ठरलेलं उत्तर होतं : मोटिव्हेशन कमी पडलं. म्हणून सॉफ्ट स्किल्सचे तास वाढवायचे. मी सोडून गेलेल्यांच्या घरी जायला लागले तेव्हा मोटिव्हेशनचा विषय कुठेच निघाला नाही. निघाला तो पैशाचा, आणि तोही पगार कमी असल्याचा नाही. पगार हातात पडेपर्यंत काय करायचं, याचा.

हिशेब करून बघा. मोठ्या दुकानांत पगार पुढच्या महिन्याच्या 7 किंवा 10 तारखेला होतो, आणि हजेरीचा हिशेब बऱ्याच ठिकाणी 20 तारखेच्या आसपास बंद करतात. मुलगी 25 जूनला जॉइन झाली तर 7 जुलैला तिच्या खात्यात काहीच येत नाही. पहिले पैसे 7 ऑगस्टला. म्हणजे 43 दिवस. तेवढ्या काळात गोवंडीहून हार्बरने कुर्ला, तिथून स्लो गाडीने करी रोड, मग लोअर परळच्या मॉलपर्यंत चालत, असा रोजचा प्रवास. काळी पँट आणि काळे बूट आपल्या खर्चाने. डबा घरून. आणि आधी ती जे शिलाईचं किंवा पॅकिंगचं काम करून आठवड्याला थोडे पैसे घरात देत होती, तेही बंद झालेलं. पंधरा दिवसांनी घरातलं कोणीतरी विचारतंच : रोज जातेस, पैसे कुठे आहेत?

हॉस्पिटलला जाणाऱ्यांचं आणखी एक. काही ठिकाणी हिपॅटायटिस बीची लस घेतल्याशिवाय वॉर्डात घेत नाहीत. तिचे 3 डोस असतात आणि शेवटचा 6 महिन्यांनी. पहिला डोस प्रशिक्षणाच्या सुरुवातीलाच दिला की कोर्स संपता संपता दुसराही झालेला असतो. हे मला एका मेट्रनबाईंनी सांगितलं, कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडलं नव्हतं.

दुसरा घाव पहिल्या पगाराच्या दिवशीच बसतो. ऑफर लेटरवर 16 हजारांच्या जवळपास आकडा असतो, तो सीटीसीचा, म्हणजे मालकाला होणाऱ्या एकूण खर्चाचा. त्यातून मालकाचा पीएफ आणि ईएसआयचा (कामगार आरोग्य विम्याचा) वाटा गेला की उरतात साधारण 14 हजार. मग बेसिक 12 हजार असेल तर पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,440 रुपये, ईएसआयचे 0.75 टक्के म्हणजे 105 रुपये. मुलगा असेल तर व्यवसाय कराचे 200 आणखी; बाईला महाराष्ट्रात महिना 25 हजारांपर्यंत तो लागत नाही. म्हणजे मुलाच्या हातात 12,255. हे आधी माहीत नसलं की घरात सरळ ठरतं, "संस्थेने फसवलं." आता मी सर्टिफिकेट वाटपाच्या आधी फळ्यावर हे गणित मांडते, आणि त्या दिवशी आईवडिलांनाही बोलावते. आयांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : रात्री किती वाजता सुटणार? 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर सकाळी 7 पर्यंत बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर सुरक्षेची आणि घरी सोडण्याची जबाबदारी मालकाची. हे कलम मी पाठच केलं आहे. पण मॉल दहाला बंद होतो हेही खरं, म्हणून ऑफर घेण्याआधी मी त्या दुकानाच्या एचआरला शिफ्ट लेखी विचारते.

या पट्ट्यातल्या मुली आळसामुळे नोकरी सोडतात असं कोणी म्हटलं की मला प्रेमा पुरव यांचं काम आठवतं. 1975 मध्ये त्यांनी गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या बायका गिरणी कामगारांना रोज जेवू घालत होत्या. स्वयंपाक त्यांना कोणी शिकवायचा होता असं नाही. कामगाराचा पगार होऊन खाणावळीचे पैसे मिळेपर्यंत धान्य उधारीवर भरायचं आणि त्यावर सावकाराला व्याज द्यायचं, यात त्या बुडत होत्या. बँकेचं कर्ज मिळवून देणं हे तिथलं मोठं काम ठरलं. आज त्याच गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये आमच्या मुली जातात आणि पगाराच्या तारखेपर्यंतचं अंतर अजून तसंच आहे.

एसीच्या मुलांचा प्रकार वेगळा. मार्च ते जून त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, पावसाळ्यात कामं आटतात. बरेच जण कंपनीचं सर्व्हिस सेंटर सोडून वस्तीतल्या उस्तादाकडे जातात, कारण तिथे संध्याकाळी रोख पैसे मिळतात. आमच्या एमआयएसमध्ये, म्हणजे नोंदींच्या तक्त्यात, हा मुलगा 'ड्रॉपआउट' लागतो. मला हे पटत नाही. सर्व्हिस सेंटरपेक्षा जास्त कमावणारा, शिकलेलंच काम करणारा मुलगा गळाला कसा? पण त्याच्याकडे पगाराची स्लिप नाही, आणि फंडरला स्लिप लागते. यावर मी बैठकीत दोनदा भांडले आहे. निकाल काही लागलेला नाही. पीएफ आणि ईएसआय मात्र त्याला मिळत नाही, हेही मान्य केलं पाहिजे.

तुमच्या स्वतःच्या नोकरीचंही बघा. प्रकल्पाचा करार मार्चमध्ये संपतो का, तुमचं नेमणूकपत्र 11 महिन्यांचं आहे का, फील्डला फिरण्याचे पैसे वेगळे मिळतात का, हे सही करण्याआधी विचारा. संकोच करू नका. दुसऱ्यांना पगाराचं गणित समजावणाऱ्याला आपलं माहीत हवं. आणि संध्याकाळी सातनंतर फोन उचलायचा की नाही, हे पहिल्याच महिन्यात ठरवा, कारण जॉइन झालेल्या मुलांचे फोन त्याच वेळी येतात : शिफ्ट बदलली, सुपरवायझर ओरडला, आयडी कार्ड हरवलं. मी उचलते, पण रविवारी नाही.

यंदाच्या प्रस्तावात 'पहिला पगार होईपर्यंतचा प्रवासखर्च' असं एक वेगळं शीर्षक टाकलं होतं. फंडरने विचारलं, हे प्रशिक्षणात कसं बसतं? बरीच पत्रापत्री होऊन निम्मी रक्कम मंजूर झाली, तीही उसनी म्हणून : तिसऱ्या पगारापासून मुलांनी हप्त्याने परत करायची. बिनपैशाचा एक उपाय त्याआधीच सुरू झाला होता. जॉइनिंग 25 तारखेऐवजी 12 ला द्या, अशी विनंती मी एका दुकानाच्या एचआरला केली. 12 जूनला जॉइन झालेल्या मुलीला 7 जुलैला, म्हणजे 25 दिवसांत, 20 तारखेपर्यंतच्या थोड्या दिवसांचे का होईना पैसे मिळतात. त्यांनी मान्य केलं. दुसऱ्या एका साखळी दुकानाने "सिस्टिममध्ये बसत नाही" म्हणून नकार दिला. त्यांना पुढच्या महिन्यात पुन्हा भेटायचं आहे.