इंडिकेटर लुकलुकत नाही? लगेच फ्लॅशर बदलू नका

जुन्या मोटरसायकलचा इंडिकेटर बंद पडला की बहुतेक जण आधी नवा फ्लॅशर, म्हणजे दिवे लुकलुकवणारी डबी, आणतात. तो लावूनही फरक पडत नाही, मग त्याहून महागाचा आणतात. दोष असतो तिथंच राहतो. माझा अनुभव असा, की जुन्या गाडीतला फ्लॅशर बऱ्याचदा ठणठणीत असतो. बिघाड दुसरीकडं असतो आणि तो कुठं शोधायचा हे फ्लॅशरच सांगत असतो.

दोन पिनांच्या जुन्या फ्लॅशरमध्ये 'बी' पिनेवर बॅटरीकडून करंट येतो आणि 'एल' पिनेवरून हँडलवरच्या स्विचकडं जातो. म्हणजे बल्बांचा सगळा करंट त्याच्या पोटातूनच जातो. या करंटनं आतली धातूची पट्टी तापते, वाकते, संपर्क तुटतो. थंड झाली की पुन्हा जुळतो. त्यामुळं लुकलुकण्याचा वेग सरळसरळ करंटवर ठरतो. १२ व्होल्टच्या गाडीत १० वॉटचे दोन बल्ब, पुढचा आणि मागचा, मिळून सुमारे १.७ अँपिअर घेतात. ६ व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच वॉटचे बल्ब ३.३ अँपिअर घेतात. म्हणून ६ व्होल्टच्या गाडीला "चालतंय की" म्हणत १२ व्होल्टचा फ्लॅशर लावू नका.

आता एका बाजूचा एक बल्ब गेला समजा. करंट निम्मा झाला, पट्टी पुरेशी तापत नाही, आणि उरलेला दिवा पेटून तसाच राहतो. काही फ्लॅशर अशा वेळी उलट घाईघाईनं लुकलुकतात. दोन्हींचा अर्थ एकच: त्या बाजूला काहीतरी कमी पडलंय. एक बाजू नीट चालते आणि दुसरी नाही, असं असेल तर फ्लॅशरवर संशयच घेऊ नका. दोन्ही बाजूंना तो एकच असतो. १० वॉटच्या जागी कुणी ५ वॉटचा बल्ब बसवलाय का, तेही बघा.

दोन्ही बाजू बंद असतील तर फ्लॅशरच्या दोन्ही वायरी काढून तारेच्या तुकड्यानं एकमेकींना जोडा, चावी लावा आणि स्विच डावीकडं करा. डावे दोन्ही दिवे न लुकलुकता पेटले तर फ्लॅशर गेला. नाही पेटले तर नव्या फ्लॅशरचे पैसे वाया जाणार होते, ते वाचले. ही तपासणी दोन मिनिटांची आहे.

रंगकाम झालं आणि इंडिकेटर गेले

घरच्या जुन्या गाडीला आम्ही हौसेनं पावडर कोटिंग करून घेतलं. गाडी नव्यासारखी दिसायला लागली, पण मागचे दोन्ही इंडिकेटर मंद झाले आणि फ्लॅशर चालेना. आठवडाभर मी वायरिंग उसवत बसलो. कारण होतं रंगाचा जाड थर. बऱ्याच जुन्या गाड्यांत इंडिकेटरला अर्थची, म्हणजे करंट बॅटरीकडं परत नेणारी, वेगळी वायर नसते. त्याच्या दांडीचा नट ज्या पत्र्यावर आवळला जातो, तोच अर्थ. तिथं रंग किंवा गंज आला की करंटची परतीची वाट बंद होते.

हे ओळखायला एक लांब वायर पुरते. तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं बल्ब बसतो त्या होल्डरच्या धातूला लावा. दिवा लख्ख झाला तर अर्थ मिळत नव्हता हे नक्की. (जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडलेलं असायचं, तशी गाडी असेल तर वायर त्या टोकाला लावा.) नटाखालचा रंग खरवडा, किंवा सरळ अर्थची वेगळी वायर ओढून घ्या. मी चारही इंडिकेटरांना वेगळी वायर घेतली, तेव्हापासून पावसाळ्यातही त्रास नाही.

"हेडलाइट लख्ख आहे, म्हणजे बॅटरी चांगली" हाही फसवा हिशेब. अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइट थेट इंजिनाबरोबर वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलवर चालतो, इंडिकेटर आणि हॉर्न बॅटरीवर. हॉर्नही घोगरा झाला असेल तर आधी बॅटरी चार्ज करा.

एलईडी लावले आणि चारही पेटले

एलईडी इतका कमी करंट घेतात, की जुना फ्लॅशर जागाच होत नाही. त्यासाठी जादा करंट खाणारा रेझिस्टर लावणं मला पटत नाही. तो तापतो आणि वाचलेली बॅटरी पुन्हा जाळतो. एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या. त्याच्या 'बी' आणि 'एल' वायरींची अदलाबदल मात्र करू नका. जुन्याला फरक पडत नव्हता, याला पडतो.

तरीही चारही दिवे एकदम लुकलुकले तर मीटरकडं बघा. तिथं डाव्या-उजव्यासाठी मिळून एकच छोटा दिवा असेल, तर तो दोन्ही बाजूंच्या वायरींच्या मधे जोडलेला असतो. डावीकडं वळताना करंट या दिव्यातून उजव्या बल्बांकडं जातो आणि तिथून अर्थ होतो. साध्या बल्बची तार एवढ्याशा करंटनं लालही होत नाही, एलईडी मात्र पेटतो. मीटरच्या दिव्याचं एक टोक अर्थला जोडा. दुसऱ्या टोकाला डाव्या आणि उजव्या वायरीतून एकेक '१एन४००७' डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा छोटा भाग) घेऊन जोडा, डायोडवर रंगवलेली पट्टी दिव्याकडं ठेवून. डायोड काही रुपयांत मिळतात. डायोड न घालता दोन्ही बाजूंना जोडलेल्या, इंडिकेटरबरोबर वाजणाऱ्या बझरमुळंही हाच घोळ होतो.

आणि स्विच. आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवा गंज चढला की करंट अडतो. बारीक पॉलिश पेपर आणि कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो. उघडताना मात्र खाली पांढरा कपडा अंथरा. आतली बारीक गोळी आणि स्प्रिंग उडाली तर त्या मापाची दुसरी मिळत नाही.