जुन्या पेठेतील वाड्यांची नोंद कशी करावी

विदर्भातील लहान गावाची जुनी पेठ समजून घ्यायची असेल, तर सुरुवात वेशीपासून करावी. कारंजा (लाड) येथील दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस ही नावेच सांगतात की कोणता रस्ता कोणीकडे जात होता. वेशीपासून मुख्य रस्ता, गल्ली, बोळ असा हाताने नकाशा काढावा आणि त्यावर विहिरी, पार व देवळे आधी दाखवावीत, कारण घरे पडतात आणि नव्याने उभी राहतात, विहीर मात्र सहसा जागा सोडत नाही.

वाड्यात शिरण्यापूर्वी मालकांची परवानगी घ्यावी. देवघराचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. पहिली नोंद दारातच करावी. चौकटीच्या मागे दोन्ही भिंतींत समोरासमोर चौकोनी भोके असतात, एक उथळ आणि दुसरे खूप खोल. अडसर, म्हणजे दार आतून बंद करण्याचा आडवा दांडा, दिवसा खोल भोकात सरकवून ठेवत आणि रात्री ओढून समोरच्या भोकात बसवत. खोल भोकात काठी घालून तिची लांबी मोजली, की अडसर साधारण केवढा होता आणि भिंत किती लांबवर भरीव आहे, हे दोन्ही कळते. भोकाच्या कडेवरून बोट फिरवावे. रोजच्या घासण्याने ती गुळगुळीत झालेली असते.

पुढे ओसरी, चौक, माजघर या क्रमाने जावे. भिंतीची जाडी देवळीत (भिंतीतल्या कोनाड्यात) किंवा दाराच्या खाचेत मोजता येते. सागवानी खांबाखालचा दगडी तळखडा अवश्य टिपावा, कारण जमिनीची ओल खांबापर्यंत पोचू नये म्हणून तो बसवलेला असतो.

काळ ठरवताना मात्र घाई करू नये. ‘वाडा तीनशे वर्षांचा आहे’ असे घरोघरी सांगतात. ते आदराने ऐकावे, पण ऐकलेले आणि पाहिलेले वेगवेगळ्या पानांवर लिहावे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि वऱ्हाडात पैसा आला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि लोखंडी गर्डर, बिडाचे (ओतीव लोखंडाचे) खांब, मंगळुरी कौले दुरून आणणे सोपे झाले. त्यामुळे कारखान्याचा छाप असलेले कौल छपराचे वय सांगते, वाड्याचे नव्हे. कौलांखालच्या भिंतीत तुळयांची बुजवलेली खोबणे सरळ ओळीत दिसली, तर तेथे पूर्वी धाबे, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, असण्याचा संभव मोठा आहे, आणि माझ्या मते संपूर्ण पाहणीत याहून मोलाचा पुरावा क्वचितच हाती लागतो.

घरात जुनी सनद किंवा खरेदीखत मोडीत असेल, तर वाचणारा जाणकार सोबत न्यावा आणि कागद घराबाहेर नेऊ नये. प्रत्येक आराखड्यावर तारीख व मोजणाऱ्याचे नाव लिहून एक प्रत मालकांना द्यावी. हे काम पावसाळ्यापूर्वी करावे, कारण मातीच्या भिंती भिजल्यावरच ढासळतात.