मर्ज करताना आधी मर्ज-बेस बघा (नवीन जॉइन होणाऱ्यांसाठी अनुभव)

कॉलेजमधे लोएस्ट कॉमन अ‍ॅन्सेस्टर शिकलो तो असा की ट्रीमधले दोन नोड घ्यायचे, वर चढत जायचं, जिथे पहिल्यांदा भेटतील तो कॉमन पूर्वज, विषय संपला. नोकरीत आल्यावर कळलं की हेच गणित गिट (कोडचा इतिहास सांभाळणारं टूल) प्रत्येक मर्जला, म्हणजे दोन ब्रांच एकत्र करताना, सोडवत असतं, फक्त तिथे ट्री नसतो, एका कमिटला (बदलांच्या एका नोंदीला) दोन-दोन पालक असू शकतात, त्यामुळे सगळा मामला डॅगचा (दिशा असलेल्या पण चक्र नसलेल्या ग्राफचा) होतो. आता टीममधल्या नवीन पोरांचे कॉन्फ्लिक्ट (गिटला स्वतः मिटवता न येणारे बदलांचे वाद) बघायला मी बसतो तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारतो, मर्ज-बेस, म्हणजे दोन्ही ब्रांचचा सगळ्यात जवळचा कॉमन पूर्वज, कुठलाय? बहुतेक जण मेनकडे (मुख्य ब्रांचकडे) बघतात, स्वतःच्या ब्रांचकडे बघतात, तिसरं काही असतं हेच डोक्यात नसतं.

समजा एका कॉन्फिग फाइलमधे मेनवर टाइमआउट 60 आहे आणि तुमच्या ब्रांचवर 30. नुसत्या या दोन आकड्यांवरून कोण बरोबर ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण ब्रांच फुटली तेव्हाच्या कमिटमधे 30 होतं हे कळलं की उत्तर सरळ आहे, तुम्ही त्या ओळीला हात लावलेला नाही, मेनवाल्यांनी बदल केलाय, म्हणून 60 घ्यायचं. बेसमधे 45 असतं तर दोघांनीही बदललंय, मग कॉन्फ्लिक्ट. याला थ्री-वे मर्ज म्हणतात आणि सगळा खेळ त्या तिसऱ्या कमिटवर आहे. ते शोधायचं तर 'गिट मर्ज-बेस मेन फीचर' एवढी कमांड पुरे, एक हॅश (कमिटचा ओळख क्रमांक) मिळतो, तो 'गिट शो' करून बघा.

अजून एक सेटिंग पहिल्याच दिवशी करून टाका, 'मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल' ला 'डिफ3' द्या (2.35 किंवा पुढचं गिट असेल तर 'झेडडिफ3', ते जरा आटोपशीर दाखवतं). मग कॉन्फ्लिक्टमधे दोन्ही बाजूंच्या मधे बेसचा मजकूरही दिसतो. हे का डीफॉल्ट नाही हे मला आजवर पटलेलं नाही.

आतमधे काय चालतं तेही एकदा समजून घ्या, इंटरव्ह्यूला उपयोग होतो. गिट दोन्ही टोकांना वेगवेगळी खूण लावतं, तारखेने सगळ्यात नवीन असलेलं कमिट आधी उचलतं, त्याची खूण पालकांना देतं, असं खाली खाली, म्हणजे जुन्या कमिटकडे, जात राहतं. ज्या कमिटवर दोन्ही खुणा येतात ते कॉमन, आणि त्याच्या खालच्या सगळ्यांवर 'शिळं' असा शिक्का, कारण ते कॉमन असले तरी जवळचे नाहीत. कोणाच्या मशीनचं घड्याळ चुकीचं असेल तर तारखेच्या भरवशावर हे जरा लांबतं, म्हणून कमिट-ग्राफ फाइलमधे जनरेशन नंबर साठवायची सोय नंतर आली.

खरी मजा क्रिस-क्रॉसमधे, म्हणजे दोन ब्रांच एकमेकींत मर्ज होतात तेव्हा, आहे आणि हे हाताने करून बघाच, वाचून डोक्यात शिरत नाही. रिकामी रेपो घ्या, एक कमिट करा, त्यावरून मेनवर म1 आणि फीचरवर फ1 करा. मग मेनमधे फ1 मर्ज करा आणि फीचरमधे म1 चा हॅश देऊन तो मर्ज करा (मेन हे नाव देऊ नका, ते तोवर पुढे गेलेलं असतं). आता 'गिट मर्ज-बेस --ऑल मेन फीचर' चालवलंत की दोन हॅश येतील, म1 पण आणि फ1 पण, आणि दोघांपैकी कोणीच दुसऱ्याचा पूर्वज नाही, म्हणजे दोघेही तितकेच लायक. ट्रीमधे असं कधीच होत नाही. गिट काय करतं तर आधी या दोन बेसनाच आपापसात मर्ज करून एक काल्पनिक बेस बनवतं आणि तो वापरून खरा मर्ज करतं, म्हणूनच त्या स्ट्रॅटेजीचं नाव रिकर्सिव्ह. 2021 च्या 2.34 पासून डीफॉल्ट 'ऑर्ट' झालंय, पण तेही हेच करतं, फुलफॉर्मच ऑस्टेन्सिबली रिकर्सिव्ह्ज ट्विन आहे. सबव्हर्जन हे गिटआधीचं टूल वापरणाऱ्यांना तर 2008 मधे 1.5 येईपर्यंत कुठल्या रिव्हिजनपासून कुठवर मर्ज झालंय ते स्वतःच लिहून ठेवावं लागायचं, तेव्हा तक्रार बेताने करा.

आता रोज छळणाऱ्या दोन गोष्टी. पहिली स्क्वॉश मर्ज, म्हणजे ब्रांचचे सगळे बदल एकाच नव्या कमिटमधे दाबून मेनमधे टाकणं. वरचंच टाइमआउट घ्या, तुम्ही फीचरवर 30 चं 60 केलं, स्क्वॉश करून मेनमधे टाकलं आणि त्याच ब्रांचवर काम चालू ठेवून 90 केलं. स्क्वॉश कमिटला तुमची ब्रांच पालक म्हणून माहीतच नाही, त्यामुळे बेस अजून जुनाच, 30 वाला. गिटला दिसतं की मेनने 60 केलं, यांनी 90 केलं, घ्या कॉन्फ्लिक्ट, तोही स्वतःशीच! साधा मर्ज केला असता तर बेस 60 वाल्या कमिटवर सरकला असता आणि 90 गुपचूप आत गेलं असतं. म्हणून स्क्वॉश झालं की ती ब्रांच उडवा, नवीन काढा.

दुसरी गोष्ट जास्त घातक कारण ती आवाज करत नाही. मर्ज झाला, प्रॉडक्शन पडलं, कोणीतरी मेनवर तो मर्ज रिव्हर्ट केला (उलटे बदल करणारं नवं कमिट टाकलं), तुम्ही ब्रांचवर बग दुरुस्त करून पुन्हा मर्ज केला, आणि मेनवर फक्त दुरुस्तीच येते, मूळ फीचर गायब. कारण रिव्हर्टने फक्त मजकूर मागे जातो, इतिहास तसाच राहतो, म्हणजे बेस हा तुमच्या ब्रांचचं जुनं टोक आणि त्याआधीचं सगळं गिटच्या लेखी मर्ज झालेलं. इथे आधी त्या रिव्हर्टचाच रिव्हर्ट करावा लागतो, मग दुरुस्ती मर्ज करायची.

आणि सीआयमधे (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर) मर्ज-बेस काहीच देत नसेल तर स्क्रिप्टला शिव्या घालण्याआधी क्लोन बघा, बहुतेक वेळा तो डेप्थ 1 चा शॅलो क्लोन (फक्त शेवटचं कमिट असलेली प्रत) असतो, पूर्वज डाउनलोडच झालेले नसतात तर सापडणार कुठून, 'गिट फेच --अनशॅलो' करा आणि पुन्हा चालवा.